नळीमागची अक्षरं

रविवार, ७ डिसेंबर

आज शेवटी आईचं लोखंडी कपाट उघडलं. मार्चमध्ये ती गेली, तेव्हापासून किल्ली बाबांच्या उशीखाली होती. काल त्यांनी स्वतःच ती माझ्या चहाच्या कपाशेजारी आणून ठेवली. म्हणाले, "रद्दीवाला येणारच आहे, एकदा पाहून घे." रद्दी हा शब्द मुद्दाम. जड काम हलक्या शब्दांत सांगायची त्यांची जुनी खोड आहे.

वरच्या कप्प्यात साड्या, त्यांना मी हात लावला नाही. खाली वह्या. १९७२ साली ती मेडिकलला लागली तेव्हापासूनच्या, वर्षाला एक, काही वर्षांच्या दोन. औषध कंपन्यांच्या फुकटच्या डायऱ्या ती घेत नसे, त्यामुळे सगळ्या नागपूरच्या बर्डी बाजारातून विकत आणलेल्या साध्या वह्या. कापड लावलेल्या पाठी आता उसवल्यात.

रोजनिशी म्हणजे मनातलं काहीतरी असेल असं मला वाटत होतं. कसलं काय! सगळे आकडे. किती पेशंट, किती जुलाब, किती ताप, कोणाला काय दिलं, कोणाचे पैसे राहिले. मधेच मोर्चा, सभा, पत्रकं, तेही हिशेबातच. '२०० पत्रकं. शाई सांडली.' एवढंच. ही पत्रकं सायक्लोस्टाइलवर निघायची आणि ती शाई नखांत आठवडाभर राहायची. वॉर्डात राउंडला एका सरांनी विचारलं होतं, "हे काय, हात धुवत नाही का?" हा किस्सा मात्र आम्ही तिच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकलाय. वहीत त्या दिवसाखाली लिहिलंय: 'हात. रॉकेलने निघते.'

आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते. इंदोऱ्याच्या दोन खोल्यांत सात माणसं, आणि त्यातून ही डॉक्टर व्हायला निघालेली. एवढ्यावर कोणी 'संघर्षगाथा' लिहिली असती. आईला तो शब्द ऐकला की शिंक यायची. "दिवा नव्हता म्हणून रस्त्यावर वाचलं वगैरे काही नाही बाप्पा, आमच्याकडे लाइट होती," असं ती सांगायची.

१९७५ ची वही वाचताना मी चक्रावले. २६ जूनला 'मेसमध्ये रेडिओ. आणीबाणी.' आणि जुलैपासून एकदम भाजीबाजार. 'वांगं नेलं.' 'टमाटर गावी गेला.' 'वांग्याला स्वेटर व पुस्तकं दिली, पुस्तकं परत.' बाबांना विचारलं तर ते इतके हसले की ठसका लागला. ही सगळी मित्रमंडळी. कोणाच्या हाती वही पडली तर नावं सापडू नयेत म्हणून भाज्या. वांगं वर्धा रोडच्या सेंट्रल जेलमध्ये होतं, १९७७ साली सुटलं, पुढे आयुष्यभर त्याने आमच्याकडे भरीत खाल्लं नाही.

"आणि तुम्ही कोण?"

"मी दोडका," बाबा म्हणाले. "लाडका व्हायला पुढे पाच वर्षं लागली."

बाबा शाळामास्तर. १९८० मध्ये लग्नाचं ठरत होतं तेव्हा आईने आधी त्यांचं रक्त तपासलं. लोक हात मागतात, हिने बोट मागितलं, हे ते अजून पाहुण्यांना सांगतात. कारण आई स्वतः सिकलसेलची वाहक होती, आमच्या भाषेत एएस पॅटर्न. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. पण नवराबायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल एसएस निघेल. म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणार, बारीक नसांमध्ये अडकणार, हातपाय असे दुखणार की पोरं भिंतीला डोकं लावून रडतात. विदर्भात हा आजार भरपूर आहे, आमच्या वस्त्यांमध्ये तर घरटी कोणी ना कोणी. थंडी पडली की कमाल चौकातल्या आईच्या दवाखान्यात रांग लागायची. "काहून वो बाई, पोराचे सांधे लय दुखून राह्यले." वाताचं दुखणं म्हणून वर्षानुवर्षं तेल चोळलेलं असायचं.

आता माझी गोष्ट. ही वहीत नाही.

सिकलसेलच्या पहिल्या चाचणीला यंत्रबिंत्र लागत नाही. नळीत एक औषधी पाणी घ्यायचं, त्यात बोटातलं थेंबभर रक्त टाकायचं, पाचेक मिनिटं थांबायचं आणि नळीमागे छापील कागद धरायचा. अक्षरं दिसली तर ठीक. पाणी गढूळ होऊन अक्षरं पुसली गेली तर सिकलचं रक्त. मग वाहक की आजारी, ते ठरवायला नमुना पुढच्या तपासणीला पाठवायचा. ते पाणी आमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी असायचं. नुकत्याच विझवलेल्या आगकाडीसारखा त्याचा वास. आणि कागद म्हणजे कालचा पेपर.

मी पहिलीत होते. नुकतं वाचायला यायला लागलं होतं, दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायचे. आईने मला कामाला लावलं. पेपर धरायचा आणि नळीतून वाचून दाखवायचं. निकाल अर्थात तीच बघायची, पण रांगेतल्या पोरांना गंमत वाटायची आणि बोट टोचून घ्यायला ती तयार व्हायची. मला मात्र वाटायचं, ही माझी परीक्षा आहे. वाचता आलं की आई पुढच्याला बोलावते. नाही आलं की गप्प होते, त्या पोराच्या आईला आत नेते, दार लोटून घेते. म्हणजे मी नापास.

एका रविवारी लागोपाठ तीन नळ्या गढूळ निघाल्या. चौथी माझ्याच वर्गातल्या मुलीची. एव्हाना त्या पानावरचा मथळा मला पाठ झाला होता. नळीत दुधाळ लाल पाण्याशिवाय काही नव्हतं, तरी मी धडाधड पूर्ण मथळा म्हणून दाखवला. आईने नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पेपर उलटा केला. "आता वाच."

मी रडायला लागले. रात्री तिने मला शेजारी घेतलं नाही की समजावलं नाही. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "पाठ केलेलं सांगू नको. दिसते ते सांग. दिसत नसेल तर दिसत नाही म्हण." दुसऱ्या दिवसापासून दर पेशंटला पेपरचा वेगळा तुकडा. ती वर्गातली मुलगी एसएस निघाली. पुढे आठवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो, हिवाळ्यात तिची जागा बरेचदा रिकामी असायची.

दुपारी बाबांनी सांबारवडी मागवली. दोन खाल्ल्या, मग पुन्हा वह्या.

११ नोव्हेंबर १९७९. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी, म्हणजे त्याला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून, दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला, त्या दिवशीची नोंद. आई पहिले दोन दिवस प्रथमोपचाराची पिशवी घेऊन चालली, मग ड्युटीसाठी परतली. 'फोड ४१. ताप ६. चक्कर ३. अनवाणी: मोजणं सोडलं.' घोषणा काय होत्या, भाषणं कोणाची झाली, एक शब्द नाही. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंदोऱ्यात नामांतराच्या आंदोलनावर पोलिसांचा गोळीबार झाला तेव्हा ती इंटर्न होती. त्या आठवड्याची पानं कोरीच आहेत. एरवी रोज लिहिणारी बाई.

नाव बदललं ते १४ जानेवारी १९९४ ला, म्हणजे विधिमंडळाने ठराव केल्याला साडेपंधरा वर्षं उलटल्यावर, आणि तेही जुनं नाव राखून, नामविस्तार म्हणून. तिची नोंद: 'तिळगूळ वाटला. दहा नंबर पुलावर जाऊन आले.' तिथे नामांतराच्या शहिदांचं स्मारक आहे. याच वहीत पुढे नोव्हेंबर आहे. मी ती इथेच मिटून ठेवली.

डॉक्टर म्हणून ती लोकप्रिय होती असं लोक आता म्हणतात. तेव्हा तसं काही नव्हतं. ताप आला की लोकांना सुई हवी असायची, अंगात शक्ती नाही म्हटलं की सलाइन. आई सुई द्यायची नाही. जुलाबाच्या पेशंटला बाकड्यावर बसवून पाणी करायला लावायची: लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तेही त्याच्याच बायकोच्या हातून, म्हणजे घरी जाऊन तिला करता येईल. "सुई देत नाही ते कायची डॉक्टरीण?" असं म्हणत अर्धी माणसं पलीकडच्या गल्लीत जायची. आई चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायची आणि कंपनीचं ब्रँड गाळायची. औषध उद्योगावरचा १९७५ चा हाथी समितीचा अहवाल तिच्या टेबलावर कायम, पानं सुटलेली. घर चालायचं ते बाबांच्या पगारावर, हे त्या 'लोकांच्या डॉक्टर'च्या गोष्टीत कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

आणि एक लिहायचंच. १९९९ ला बारावीनंतर माझी मेडिकलची जागा थोडक्यात हुकली. नात्यातल्या एकांनी खासगी कॉलेजात पैसे भरून जमवून द्यायची तयारी दाखवली, कर्जाचंही बोलले. आईने त्यांना चहा दिला आणि नाही म्हटलं. मला म्हणाली, "परत परीक्षा दे. ज्या पोरांसाठी मी भांडले त्यांच्या डोक्यावर पाय देऊन तुले नेऊ?" मी परत परीक्षा दिली नाही. तीन महिने तिच्याशी बोललेही नाही. बँकेत लागले, तिथेच आहे. तिचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणत नाही. पण तिची तत्त्वं होती आणि त्यांचा हप्ता मी भरला, हेही खरं आहे. ती होती तोवर वाटायचं, ती गेली की हा राग जाईल. तो तिथेच बसलाय, पाहुण्यासारखा.

१९८८ च्या वहीत एक पान दुमडलेलं सापडलं. वस्तीतल्या शिबिरात आईने एका मुलीचा निकाल सगळ्यांसमोर सांगितला होता. मुलीचं लग्न ठरलेलं. ती फक्त वाहक होती, मुलगा तपासून घेतला असता आणि बरा निघाला असता तर काहीच अडचण नव्हती. त्यांच्या मुलांपैकी कोणी वाहक झालं असतं, एसएस कोणी नाही. पण मुलाकडच्यांनी तपासणी केलीच नाही. "खराब रक्ताची" म्हणून लग्न मोडलं. ती मुलगी परत दवाखान्यात आली नाही. आईने खाली लिहिलंय: 'चूक माझी. मोठ्याने बोलले.' इतक्या वह्यांमध्ये 'माझी' हा शब्द मला पहिल्यांदा दिसला.

त्यानंतरच बहुधा तिचा तो नियम आला: आधी मुलाचं बोट. लग्नाआधी तपासायला कोणी मुलीला घेऊन आलं की "नवरदेव कुठे आहे?" म्हणून परत पाठवायची. १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं, २०४७ पर्यंत उच्चाटन असं लक्ष्य. टीव्हीवर बातमी लागली होती, तपासलेल्यांना निकालाचं कार्ड देणार म्हणून. आई म्हणाली, "चांगलं आहे. कार्ड कोणाच्या हातात जाते ते पाहा म्हणावं."

माझाही उल्लेख आहे. १९८२, मी वर्षाची असताना. 'पोरगी: एएस.' पेशंटच्या यादीत, अकराव्या नंबरवर.

मंगळवार, ९ डिसेंबर

विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालंय, शहर निम्मं बंद. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला कठडे. संध्याकाळी बँकेतून निघाले तर मोर्चामुळे झिरो माइलपर्यंत चालत यावं लागलं. गोवारी स्मारकाजवळ दोन बाया बसून मटकीचा डबा खात होत्या. मोर्च्यातल्याच असाव्यात.

घरी आले, हातपाय धुतले आणि १९९४ ची वही काढली.

२३ नोव्हेंबरला माझं शाळेचं गॅदरिंग होतं. मी नाटकात होते. आई येणार होती, आली नाही. तेव्हा मी तेरा वर्षांची. आमच्याकडे फोन नव्हता, काय झालं ते बाबांना शेजाऱ्यांकडून कळलं. अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी. आई दवाखान्यातूनच परस्पर मेयो हॉस्पिटलला गेली होती. रात्री दोनच्या पुढे आली. मी जागी होते पण डोळे मिटून पडून राहिले. राग होता ना. मोरीत पाण्याचा आवाज येत होता. त्या थंडीत ती साडी धूत होती. खूप वेळ.

पानावर फक्त एक आकडा आहे, मोर्चात गेलेल्यांचा. तीनदा खोडलेला आणि चौथ्यांदा लिहिलेला. ११४. ही शेवटची दुरुस्ती वेगळ्या शाईची आहे, म्हणजे काही दिवसांनी केलेली. त्याखाली: 'उद्या: दूध. रॉकेल. पोरीला नाटकाचं विचारणे.'

तिने विचारलं होतं का, हे बाबांनाही आठवत नाही. विचारलं असेल तर मी बहुतेक उत्तर दिलं नसेल.