बॅकलॉग शून्य, पण फाइली कुठायत?

फोर्टमधल्या एका वकिलांच्या फर्मचे सर्व्हर मी बघतो, त्यांचं दुसरं ऑफिस अंधेरी पूर्वेला. दोन्हीकडे विंडोज सर्व्हर आणि मधे डीएफएसआर, ही विंडोजचीच फाइली जुळवून ठेवणारी (रेप्लिकेशनची) सोय, म्हणजे इकडे फाइल सेव्ह केली की आपोआप तिकडे पोचते, तिकडची इकडे.

त्या शुक्रवारी मी अजून लोकलमध्येच होतो, घाटकोपर गेलं असेल नसेल, तेवढ्यात अंधेरीच्या रेकॉर्डच्या काकांचा फोन. "अरे, सोमवारी हायकोर्टात मॅटर आहे, बुधवारी फोर्टला स्कॅन केलेले कागद इथे अजून दिसत नाहीत." म्हटलं काका, पोचतो आणि बघतो.

आधीच्या आठवड्यात पावसात अंधेरीची लाइट गेली होती आणि यूपीएसही बसला होता, म्हणून पहिला संशय तिथेच. सर्व्हर असा अचानक बंद पडला की डीएफएसआर त्या ड्राइव्हवरचं रेप्लिकेशन थांबवून ठेवू शकतं, लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, इव्हेंट २२१३ येतो आणि मग हाताने रिझ्यूम करावं लागतं. पण लॉगमध्ये २२१३ नव्हताच. स्टेजिंग, म्हणजे पाठवण्याआधी फाइली ठेवायची तात्पुरती जागा, तीही बघितली, तिचा डिफॉल्ट कोटा ४ जीबीच असतो पण आम्ही तो आधीच वाढवलेला. फाइल उघडी राहिली की ४३०२ येतो, तोही नाही. बॅकलॉग, म्हणजे पाठवायच्या राहिलेल्या फाइलींची रांग, दोन्ही बाजूंनी शून्य. एक टेस्ट फाइल टाकली तर अर्ध्या मिनिटात अंधेरीला हजर!

इथे मला महिनाभरापूर्वीचं आठवलं आणि पोटात गोळा आला. काका तेव्हाही म्हणाले होते की काही कागद येत नाहीत, मी बॅकलॉग शून्य बघून त्यांना फोल्डर रिफ्रेश करा सांगून फोन ठेवला होता.

काका सगळ्या स्कॅनची नोंद हाताने रजिस्टरमध्ये ठेवतात. फोनवर एकेक नंबर वाचत गेले, मी दोन्ही सर्व्हरवर तपासत गेलो, आणि दहा-बारा नोंदींनंतर दिसलं की न आलेली प्रत्येक फाइल नव्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमधून आलेली, जुन्या मशीनची एकही अडकलेली नाही. मग अशी एक पीडीएफ घेऊन एफएसयूटिल या विंडोजच्या कमांडने तिचे अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे फाइलीवरच्या खुणांचा आकडा, काढला. ०एक्स१२०. त्यातला २० म्हणजे आर्काइव्ह, तो बहुतेक फाइलींना असतो, पण १०० म्हणजे टेम्पररी, तात्पुरती फाइल. ते सॉफ्टवेअर फाइल बनवताना टेम्पररीची खूण लावायचं आणि नंतर काढायचंच नाही. आणि टेम्पररी फाइल डीएफएसआर मुद्दामच पाठवत नाही, ती त्याच्या रांगेतच येत नाही, म्हणून एरर नाही, वॉर्निंग नाही, बॅकलॉगमध्येही नाही.

पॉवरशेलमध्ये कमांड देऊन अशा फाइली मोजल्या तर चार महिन्यांच्या ६१८ फाइली निघाल्या. खरी भीती पुढेच होती, कारण फोर्टच्या सर्व्हरवर लोड नको म्हणून आमचा रात्रीचा बॅकअप अंधेरीच्या कॉपीवरून निघायचा. म्हणजे लोकांच्या खटल्यांचे ६१८ कागद चार महिने एकाच डिस्कवर, ती गेली असती तर बॅकअपमध्ये काहीच नव्हतं. हे कळल्यावर आधी बाकी सगळं सोडून फोर्टचा तो फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी केला, तो कॉपी होईपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.

मग एका फाइलवरची टेम्पररीची खूण काढून बघितली, अ‍ॅट्रिब्यूट बदलल्याबरोबर डीएफएसआरने ती उचलली आणि काकांना दिसली. मग सगळ्यांवर तीच कमांड चालवली आणि सकाळपासून शून्यावर बसलेला बॅकलॉग एकदम पाचशेच्या वर गेला, एरवी तो आकडा बघून घाम फुटला असता पण त्या दिवशी इतकं बरं वाटलं! सोमवारच्या मॅटरचे कागद जेवणाआधीच पोचले, बाकीचे संध्याकाळपर्यंत.

स्कॅनिंगवाल्यांना कळवलंय, त्यांचा अपडेट येईपर्यंत दर तासाला ही खूण काढणारी स्क्रिप्ट लावलीय. रोज रात्री दोन्हीकडच्या फाइलींची यादी काढून ती जुळवतो आता, बॅकअपही दोन्हीकडचा निघतो.

साडेसातला काकांचा फोन आला, रजिस्टरमधला शेवटचा नंबर सापडला म्हणून. म्हटलं काका, मागच्या महिन्यात तुम्ही बरोबर सांगत होतात, मी नीट बघितलं नाही, माफ करा. ते म्हणाले, "बरं, आता निघ, पाऊस वाढतोय."