‘मदरबोर्ड गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

सोमवार, रात्र

आजची नोंद कागदावर, पेनाने. सोळा वर्षांत पहिल्यांदाच. माझी रोजनिशी ज्या छोट्या लॅपटॉपवर असते तो आज सकाळी सुरू झाला नाही.

काल रात्री नेहमीसारखा बंद करून ठेवला होता. सकाळी बटण दाबलं तर पंख्याचा आवाज नाही, दिवा नाही, काहीच नाही. अशा वेळी आधी जे करून बघायचं ते केलं. बॅटरी काढली, अडॅप्टर काढला, बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, म्हणजे आत राहिलेली वीज निघून जाते. मग नुसता अडॅप्टर लावून पाहिला. पुष्कळदा जुनी यंत्रं एवढ्यावरच उठतात. हा उठला नाही. पण एक गोष्ट नजरेला पडली. पिन लॅपटॉपमध्ये घातली की अडॅप्टरवरचा हिरवा दिवा विझतो, क्षणभर लागतो, पुन्हा विझतो. पिन बाहेर काढली की अगदी शांत, स्थिर.

दुपारी दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने बटण दाबून पाहिलं, किती वर्षं झाली ते विचारलं आणि म्हणाला, “मॅडम, मदरबोर्ड गेला. याचा बोर्ड आता मिळायचा नाही. नवीन घ्या.” दोन मिनिटांत विषय संपला. त्याचं बोलणं अगदीच चूक होतं असं नाही. या मॉडेलचे नवे बोर्ड आता बनत नाहीत, आणि जुना मिळालाच तर तो कुठल्या तरी मोडीत गेलेल्या लॅपटॉपमधला, म्हणजे याच्याच वयाचा. तरी परत येताना डोक्यात तेच घोळत राहिलं. मदरबोर्ड ही काही एक वस्तू नव्हे. त्या छोट्याशा पाटीवर शेकडो सुटे भाग बसवलेले आहेत. त्यातलं कोणतं गेलं? हे कुणी पाहिलंच नाही.

मंगळवार

आज फक्त डिस्क बाहेर काढली. बोर्ड राहो न राहो, आधी लिहिलेलं वाचवायचं.

या बाबतीत माझा लॅपटॉप जुना असल्याचा फायदाच झाला. खालचं झाकण दोन स्क्रूंचं, आत अडीच इंची साटा हार्ड डिस्क, १६० जीबीची. ओढून काढली, यूएसबी केसमध्ये घातली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. बोर्ड बिघडला म्हणून डिस्कवरचं काही जात नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि घाबरून ते सगळं सोडून देतात. आजच्या स्वस्त छोट्या लॅपटॉपांचं मात्र वेगळं आहे. त्यातल्या कितीतरींमध्ये साठवणीची ईएमएमसी चिप बोर्डावरच डाख लावून पक्की केलेली असते. तिथे बोर्ड मेला की माहिती आतच अडकते. ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांनी आजच्या आज दुसरीकडे कॉपी करून ठेवावी, हे मी अगदी कळकळीने सांगेन.

डिस्कवर थेट कामाला न लागता डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने तिची पूर्ण प्रत काढली. हे साधन आधी चांगला भाग उचलून घेतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं, त्यामुळे थकलेल्या डिस्कवर उगाच ताण येत नाही. रात्री साडेदहाला प्रत पूर्ण झाली. सगळ्या फाइली उघडल्या.

मग वाचतच बसले. मुलगी तान्ही होती तेव्हाच्या नोंदी सापडल्या. तिला एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताने टाइप केलेल्या. मी ज्या मराठी कीबोर्ड-मांडणीत टाइप करते त्या इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, झ, ध, भ या अक्षरांना शिफ्ट लागतं, आणि शिफ्ट दाबायला दुसरा हात मोकळा नसायचा. म्हणून त्या दिवसांत सगळीकडे ‘जोपली’, ‘दूद’, ‘बूक’. “आत्ता जोपली. परत बूक लागली असेल. दूद.” अशा ओळीच्या ओळी. मी त्या कधीच दुरुस्त केल्या नाहीत, आणि करणारही नाही.

या कीबोर्डवरची सर्वांत झिजलेली कळ इंग्रजी ‘E’ची आहे, कारण इनस्क्रिप्टमध्ये काना तिथे असतो. स्टिकर कधीच निघून गेला, खालचं इंग्रजी अक्षरही पुसलं गेलं. तिथे बोटाने घासून झालेला गुळगुळीत खळगा आहे.

गुरुवार

आज पूर्ण उघडला. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो. एका कागदावर लॅपटॉपची बाह्यरेषा काढली आणि प्रत्येक स्क्रू जिथून काढला तिथेच चिकटपट्टीने लावला. या स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो थेट बोर्डात रुतू शकतो. कीबोर्डच्या रिबन केबलची खिट्टी नखाने हलकेच वर केली. तपकिरी रंगाची, तांदळाच्या दाण्याहून बारीक. ती तुटली असती तर कीबोर्डच गेला असता. मी तिथे बराच वेळ श्वास रोखून बसले होते.

बोर्ड हातात आला तेव्हा नवल वाटलं. केवढासा तो! या छोट्या जातीच्या लॅपटॉपची लाट २००७मध्ये असूसच्या सात इंची ई पीसीने आणली. माझा त्यानंतरचा, दहा इंची, आत १.६ गिगाहर्ट्‌झचा ॲटम एन२७० प्रोसेसर. तो फक्त अडीच वॅटचा. एवढ्याशा विजेवर माझी सोळा वर्षं त्यात लिहून झाली.

पंख्यात धुळीचा नमदा झाला होता. तो काढला. उष्णतेने काळवंडलेलं, फुगलेलं, जळकं असं कुठेच काही दिसलं नाही. डोळ्यांना दिसेना तेव्हा मल्टिमीटर घेतला. अडॅप्टर मोकळा असताना बरोबर १९ व्होल्ट देतो. म्हणजे अडॅप्टर ठीक. पिनचं सॉकेट हलवून पाहिलं, तेही घट्ट. मग बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही दूर असताना बोर्डावर जिथे १९ व्होल्टची मुख्य लाइन आत येते, तिथून ग्राउंडपर्यंतचा (वीज परत जाते त्या मार्गापर्यंतचा) रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजला. तो हजारो ओहम असायला हवा. आला ०.६.

शॉर्ट. म्हणजे वीज भागांमधून न फिरता जवळजवळ सरळ ग्राउंडला जाते आहे. अडॅप्टरचा दिवा का विझत होता ते कळलं. समोर शॉर्ट दिसला की अडॅप्टर स्वतःला वाचवायला वीज तोडतो, थोड्या वेळाने पुन्हा देऊन पाहतो, पुन्हा तोडतो. सोमवारी सकाळी त्या दिव्याने सगळं सांगून टाकलं होतं.

शनिवार

धाकटा भाऊ त्याचा बेंच पॉवर सप्लाय, म्हणजे हवे तेवढे व्होल्ट आणि करंट ठरवून देणारं यंत्र, घेऊन आला. तो इलेक्ट्रॉनिक्समधलाच. फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाला, “ताई, तू अजिबात अडॅप्टर लावून बघत बसू नकोस. मी येतो.”

त्याने दाखवलेली पद्धत मला फार आवडली म्हणून नीट लिहून ठेवते. मुख्य लाइनवर १९ व्होल्ट नाही, फक्त १ व्होल्ट द्यायचा, आणि करंटची मर्यादा २ अँपिअर ठेवायची. एकच व्होल्ट का? मी विचारलं. तर म्हणे, शॉर्ट कुठल्या मार्गाने आहे हे अजून आपल्याला माहीत नाही. मधला एखादा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा भाग) फुटून लाइन सरळ प्रोसेसरपर्यंत पोचली असेल, तर जास्त व्होल्टेजने प्रोसेसरही जायचा. प्रोसेसर स्वतः साधारण एका व्होल्टवरच चालतो, त्यामुळे एवढं त्याला सोसतं. आणि शॉर्ट झालेल्या भागातून करंट वाहिला की तो भाग तापतो. आता फक्त काय तापतंय ते शोधायचं.

बोर्डावर आयसोप्रॉपिल अल्कोहोलचे थेंब ब्रशने पसरले. खिडक्या उघड्या, गॅसपासून लांब, कारण ते पेट घेतं. सप्लाय सुरू केला. दोघंही वाकून बघत होतो. चकाकणारा ओला पृष्ठभाग, आणि मग सॉकेटच्या जवळ एका ठिकाणी, बघता बघता, एक वाटोळा कोरडा ठिपका. आजूबाजूला सगळं ओलं आणि मधोमध तेवढंच कोरडं. त्या ठिपक्यात एकच भाग होता, तांबूस रंगाचा सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग. तिळापेक्षा जेमतेम मोठा.

“हाच,” भाऊ म्हणाला.

भिंगातून पाहिलं तेव्हा त्याच्या एका कडेला केसासारखी चीर दिसली. सिरॅमिक कडक असतं, वाकत नाही. बोर्ड वाकला की कपॅसिटर तडकतो, आतले थर एकमेकांना टेकतात आणि तो शॉर्ट होतो. बोर्ड कशाने वाकला, हे मला विचारावं लागलं नाही. उघडा लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून, एका हाताने उचलून खोलीतून खोलीत न्यायची माझी वर्षानुवर्षांची सवय.

भावाने गरम हवेने कपॅसिटर उतरवला. पुन्हा मोजलं. शॉर्ट गेला होता. त्या लाइनवर असे अनेक कपॅसिटर समांतर असतात, एक नसला तरी यंत्र चालतं, पण त्याने तेवढ्याच क्षमतेचा, ५० व्होल्टपर्यंतचा दुसरा लावला. अर्धवट सोडायचं नाही, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं.

नुसता बोर्ड, रॅम, स्क्रीन, अडॅप्टर. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. पंखा फिरला. स्क्रीनवर अक्षरं उमटली, आणि त्याखाली घड्याळ चुकल्याची सूचना. आतली सीआर २०३२ बॅटरी, जी ३ व्होल्टची असायला हवी, कधीच संपली होती. मला रडूच आलं. भाऊ काही बोलला नाही, स्क्रू लावत राहिला.

बुधवार

आज मी याच कीबोर्डवर लिहिते आहे. काना बरोबर बोटाखाली येतो आहे.

सगळं पूर्ववत झालं असं मात्र नाही. काल दोनदा स्क्रीन काळी राहिली. पंखा चालू, चित्र नाही. टचपॅडच्या डाव्या बाजूला तळव्याने जरा दाबलं की चित्र येतं. त्याच्या खाली चिपसेट आहे, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या भागांशी जोडणारी चिप. भावाला विचारलं. तो म्हणाला, चिपखालच्या डाखाच्या गोळ्या तडकायला लागल्या असतील. यंत्रांतल्या शिशासारख्या घातक पदार्थांवर बंधन घालणाऱ्या युरोपच्या रोह्स नियमानंतर, म्हणजे १ जुलै २००६पासून, बहुतेक यंत्रांत शिसंविरहित डाख आला. जुना कथील-शिशाचा डाख १८३ अंशांना वितळायचा, नवा २१७च्या आसपास वितळतो आणि जास्त कडक असतो. रोज तापणं, रोज निवणं, असं हजारो वेळा झालं की चिरा जातात.

बोर्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा उपाय मी वाचलेला आहे. तो मी करणार नाही. प्लॅस्टिकची सॉकेटं वितळतात, विषारी धूर त्याच ओव्हनमध्ये भरतो ज्यात अन्न शिजतं, आणि यंत्र उठलंच तरी बहुधा काही आठवड्यांसाठीच. चिप काढून नव्या गोळ्यांवर बसवणं हा खरा उपाय, आणि त्याला जे यंत्र लागतं ते भावाकडे नाही. कुणाकडे आहे ते तो बघतो आहे. मिळालं तर करू.

आणखीही एक मर्यादा आहे. हा प्रोसेसर फक्त ३२ बिटचा, म्हणजे जुन्या जातीचा. मी वापरते त्या डेबियन या मोफत ऑपरेटिंग सिस्टमने २०२५मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. माझ्याकडे बारावी आहे, ती राहू दे. हा इंटरनेटला जोडायचाच नाही असं ठरवलं आहे. याच्यावर लिहायचं, रोज रात्री पेनड्राइव्हवर प्रत काढायची, एवढंच काम. तेवढ्यासाठी तो पुरेसा आहे.

नवीन बॅटरी घातली, घड्याळ लावलं. आता तारीख बरोबर दाखवतो.

संध्याकाळी मुलीला त्या जुन्या नोंदी वाचायच्या होत्या. तिने ‘जोपली’ मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि “आई, हे माझ्यामुळे?” असं विचारत लॅपटॉप माझ्याकडे द्यायला उचलला, एका कोपऱ्याला धरून.

“दोन्ही हातांनी,” मी म्हटलं. “खालून धर.”