४२ नंबरची तार

हापूसची पेटी रिकामी झाली की आमच्याकडे ती एकतर चुलीत जाते नाहीतर माळ्यावर, कांदे ठेवायला. गेल्या मे महिन्यात त्यातली एक मी बाजूला काढली आणि तिची तीन तारांची गिटार केली. दांडी फणसाची, जुन्या दाराच्या चौकटीतली, तारा गिटारच्याच साध्या स्टीलच्या, जुळवणी सा-प-सा. पेटीच्या फळ्या पातळ, त्यामुळे आवाज गोड येतो पण अंगणापलीकडे जात नाही, आणि मला तर ती श्रावणात देवळातल्या सप्ताहाला वाजवायची होती, पखवाज आणि झांजेच्या शेजारी बसून. म्हणजे पिकप हवाच, तारेच्या थरथरीची वीज करून स्पीकरकडे पाठवणारा भाग. विकतचे पिकप सहा तारांच्या मापाचे, म्हणून म्हटलं घरीच करूया.

पिकपच्या आत तसं फारसं काही नसतंच. एक लोहचुंबक, त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि वर वाजणारी स्टीलची तार. चुंबकामुळे ती तारसुद्धा थोडीशी चुंबक होते, ती थरथरली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र थरथरतं आणि तांब्यात वीज उमटते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच, आणि सायकलच्या डायनामोत चालतं तेही तेच. म्हणजे पिकप लाकूड ऐकत नाही, हवा ऐकत नाही, फक्त लोखंडाचं हलणं ऐकतो. मी मुद्दाम तानपुऱ्याच्या खर्जाची पितळी तार लावून बघितली. कानाला छान, स्पीकरमध्ये एकदम मुकी.

प्रत्येक तारेखाली एक स्क्रू लागतो, चुंबकाची ताकद वर तारेपर्यंत आणायला, आणि इथे आमच्या किनाऱ्याची एक अडचण येते. खाऱ्या हवेत गंज धरू नये म्हणून इथल्या दुकानात पितळेचे नाहीतर स्टेनलेसचे स्क्रू पुढे करतात, आणि पितळेला चुंबक धरत नाही, स्टेनलेसचेही बरेचसे स्क्रू धरत नाहीत. तेव्हा चुंबक खिशात घेऊनच दुकानात जायचं, चिकटेल तो स्क्रू आपला. चुंबक मी कपाटाच्या दाराच्या कॅचरमधला घेतला, काळा, फेराइटचा. आधी निओडिमियम लावला होता पण तो फार ओढतो, तारेला नीट हलूच देत नाही, षड्ज लावला की आत दुसरा एक सूर डुलत राहायचा.

आता तारेचं. सगळीकडे वाचलेलं की पिकपला ४२ नंबरची तार लागते, नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. पंपाच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्यांकडे एवढी बारीक तार नसते, म्हणून मुंबईच्या चुलतभावाला सांगितलं, तो लॅमिंग्टन रोडवरून रीळ घेऊन कोकणकन्येने आला. सनमायकाच्या दोन पट्ट्या आणि मध्ये लाकूड असा बॉबिन केला, आजीच्या शिवणयंत्राच्या चाकावर बसवला, चाकाला एक बारका चुंबक, समोर रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की आपोआप जुळणारा, आणि त्याच्या दोन वायरी कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या (=) बटणाला. १ + १ केलं की मग प्रत्येक फेरीला आकडा आपोआप एकाने वाढतो. ही युक्ती ज्याला पहिल्यांदा सुचली त्याला माझा नमस्कार, कारण मोजता मोजता कोणी हाक मारली तरी हिशेब जात नाही.

३००० वेढ्यांतच बॉबिन भरला. मीटर लावला तर तारेचा रोध जेमतेम साडेसहाशे ओहम, आणि हवे होते चार-पाच हजार. दोन दिवस डोकं चालेना, मग कळलं. ते ४२ अमेरिकन गेजचं, म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे वाइंडिंगची तार ब्रिटिश गेजमध्ये मागतात, आणि त्यात ४२ म्हणजे ०.१ मिलिमीटर! मला हवी होती ती आपली ४६ नंबरची. दुकानदाराने मागितलं तेच दिलं, त्याची काही चूक नाही. ती कॉइल ड्रॉवरमध्ये टाकली.

पुढच्या खेपेला ४६ आली. ती तार केसाइतकी किंवा त्याहून बारीक, दिवा तिरका धरला तरच दिसते, बोटाच्या चिमटीतून जाताना जाणवतसुद्धा नाही. चिमूट जरा घट्ट झाली की तुटते, सैल झाली की वेढे फुगतात. आई दारात उभी राहून म्हणाली, "अरे, हातात काय्येक दिसना नाय, आणि कसला गुंडाळतंस?" ४२०० ला एकदा तुटली, टोकांवरचं एनॅमल काचपेपरने घासून जोड दिला, वर वार्निशचा थेंब. ७००० झाले तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले. म्हणजे साधारण ७०० मीटर तांबं, आणि वजन सगळं मिळून २० ग्रॅमच्या आत.

मग मेण. हे कोणी टाळू नका, निदान समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तरी नाहीच. मेणबत्तीचं मेण ८० टक्के, मधमाश्यांचं २०, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं, थेट गॅसवर अजिबात नाही कारण पेट घेतं. ६५ अंशांच्या आसपास कॉइल आत सोडली की बुडबुडे येत राहतात, ते थांबेपर्यंत धीर धरायचा. सैल वेढे जागच्या जागी बसतात, त्यामुळे मोठ्या आवाजात पिकप किंचाळत नाही, आणि पावसाळ्याची दमट हवा तांब्यापर्यंत पोचत नाही.

मित्राच्या गिटार ॲम्पवर ती काय सुंदर वाजली, काचेसारखी. आणि सप्ताहाच्या आदल्या दिवशी देवळातल्या साउंड मिक्सरला लावली तर गळा बसलेला, घोंगडीखालून कोणी गातंय असा. बुवा काही बोलले नाहीत, फक्त पेटीचा भाता बंद करून माझ्याकडे बघत राहिले.

कारण नंतर नीट समजलं. गिटार ॲम्पचा इनपुट १० लाख ओहमचा, मिक्सरचा लाइन इनपुट दहा-वीस हजारांचा. वेढे जास्त की कॉइलचा इंडक्टन्स, म्हणजे झटपट बदलणाऱ्या विजेला अडवायचा गुण, जास्त, वेढे दुप्पट झाले तर तो चौपट होतो, आणि एवढ्या कमी ओहमच्या इनपुटवर तो वरचे सगळे सूर खाऊन टाकतो. त्यात देवळातली लांबच लांब केबल. आणि मग आठवली ड्रॉवरमधली ती साडेसहाशे ओहमची. रात्रीच मेणात बुडवली, सकाळी बसवली, मिक्सरचा गेन वाढवला, आणि तिसऱ्या तारेला बोट लावलं तर आवाज थेट सभामंडपाच्या मागच्या खांबापर्यंत, स्वच्छ. बुवा म्हणाले, "आता कसा वाजता बघ!" आणि लगेच काळी दोनचा सूर दिला.

म्हणून माझं मत सांगतो, आपल्या गावात जे कोणी हे करतायत त्यांनी ५०-६० च्या दशकातल्या अमेरिकन पिकपचे ७६००-८००० वेढे डोळे झाकून घेऊ नयेत. ते त्यांच्या ॲम्पसाठी होते. आपलं वाद्य भजनाच्या मिक्सरला लागणार असेल तर जाड तार, कमी वेढे. आवाज लहान येतो, तो गेनने वाढतो, पण एकदा गेलेला वरचा सूर कुठल्याच बटणाने परत येत नाही. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलसुद्धा कमी इम्पीडन्सच्या, म्हणजे कमी ओहमच्या, पिकपचा आग्रह धरायचा, आणि तो काही उगाच नव्हे.

एक गोष्ट राहिलीय, ५० हर्ट्झची घरघर. चतुर्थीला घरोघरी भजनं, मखराभोवती माळा, ट्यूबलाइटचे चोक, सगळं त्या एका कॉइलमध्ये घुसतं. यावर गिब्सन या गिटार कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये काढलेला उपाय, दोन कॉइली, वेढे उलट आणि चुंबकही उलट, म्हणजे घरघर एकमेकींत मिटते आणि तारेचा आवाज मात्र जमा होतो. पहिली कॉइल काल झाली, १५०० वेढे, त्याच ४२ नंबरच्या तारेची. दुसरी आज रात्री, उलट्या दिशेने.