चेंगदूचा शंभर किलोमीटरचा हरितमार्ग : बेइहू ते छिंगलोंग हा तुकडा दुपारी करू नका

मुद्द्याचं आधी सांगते. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदू शहराभोवतीचा जिनछंग हरितमार्ग सायकलने एका दिवसात पुरा करायचा विचार असेल, तर ईशान्येचा बेइहू सरोवर ते छिंगलोंग सरोवर हा तुकडा सकाळी साडेदहाच्या आत मागे टाका. आम्ही तो दुपारी एक ते चार या वेळात केला. तिघेही सिंहगड सायकलने नेमाने चढणारे, तरी त्या तीन तासांनी जीव मेटाकुटीला आला. निघण्याआधी ज्यांनी ज्यांनी माहिती दिली त्या प्रत्येकाने ‘सपाट रस्ता, झाडीच झाडी’ असंच सांगितलं होतं. यातलं एकही खरं नाही. निदान त्या तुकड्यात तरी नाही.

आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि भाऊजी. भाऊजींची उरुळी कांचनला रोपवाटिका आहे, मी पुण्यात बागा उभारायची कामं घेते. २०१८ पासून चेंगदू स्वतःला ‘उद्यान-शहर’ म्हणवून घेतं. २०२०च्या जनगणनेत दोन कोटी नऊ लाखांवर गेलेलं, अजून वाढतच असलेलं हे शहर बाहेरच्या रिंगरोडच्या दोन्ही अंगांना एवढा मोठा हिरवा पट्टा राखून ठेवतं, हे आम्हाला जवळून बघायचं होतं. आपल्याकडे रिंगरोडची नुसती आखणी झाली तरी आधी प्लॉटिंगचे बोर्ड लागतात, ते रोज बघणाऱ्या माणसाला याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही.

आमची पहिली चूक घड्याळाची. अख्ख्या चीनमध्ये वेळ एकच, बीजिंगची. चेंगदू पडलं बरंच पश्चिमेला, त्यामुळे सप्टेंबरात तिथे पावणेसातच्या सुमाराला उजाडतं आणि सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी एकला. ऊन तापतं दोन ते पाच. आम्ही पुण्याच्या हिशोबाने ‘अकरा ते तीन जपायचं, मग सुटलो’ असं धरून चाललो होतो. तीन वाजले तेव्हा ऊन पुरतं भरात होतं.

दुसरी चूक दिशेची. दक्षिणेला ग्वेइशी उद्यानापाशी मेट्रोने उतरलो, तिथून सायकली भाड्याने घेतल्या आणि सात वाजता पश्चिमेकडून उत्तरेला, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने निघालो. पश्चिमेची बाजू चांगली आहे. तिच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं नाही.

बेइहू ओलांडलं तेव्हा माझ्या मीटरवर बासष्ट किलोमीटर झाले होते. पांडा संवर्धन केंद्र इथून जवळच, त्यामुळे पाण्याची, खाण्याची सोय असेल असं धरलं होतं. पहिलं विश्रांतिस्थान बंद. दुसऱ्याचं शटर अर्धं वर, आत कोणी नाही. तिसऱ्यापर्यंत माझ्या मोजणीने चौदा किलोमीटर पाण्याचा थेंब मिळाला नाही. आणि मधे पूल. या मार्गाची मोठी करामत अशी की शंभर किलोमीटरमध्ये एकही मोठा रस्ता, एकही सिग्नल आडवा येत नाही. प्रत्येक हमरस्ता, नदी, रेल्वे पुलावरून ओलांडायची, आणि असे सत्तरहून जास्त पूल आहेत. नियोजन म्हणून मी याला शंभर गुण देईन. पण भाड्याच्या जड सायकलवर प्रत्येक पूल हा एक छोटा घाट आहे. चढ, उतार, लगेच पुढचा चढ, आणि पुलावर सावली असायचा प्रश्नच नाही. सातव्या-आठव्या पुलानंतर माझ्या पिंडऱ्यांचे गोळे झाले आणि मी उतरून सायकल ढकलत नेली. नवऱ्याने तोंडाने काही म्हटलं नाही, पण पुढच्या पुलावर तोही उतरला.

या पट्ट्यात एके ठिकाणी मार्ग पत्रे लावून बंद होता. फलकावर फक्त चिनी, बाण शेताकडे. चिखलातून पाऊण किलोमीटर गेलो. सिचुआनच्या या खोऱ्यात पाऊस बऱ्याचदा रात्री पडतो, सकाळी आभाळ मोकळं असलं तरी कच्चा रस्ता ओलाच राहतो. रस्त्याच्या पातळ टायरांवर तिथे जाऊ नका. लाकडी फळ्यांचे कट्टे लागले तर सरळ उतरा. माझं मागचं चाक एका कट्ट्यावर असं सरकलं की कोपर सोलून निघालं.

आता सावलीचं. झाडं नाहीत का? हजारो आहेत. भाऊजी एका गिंकोपाशी थांबले आणि म्हणाले, “वहिनी, हे बघा, झाडाला सलाईन लावलंय.” खरंच तसंच होतं. छातीइतक्या उंचीवर खोडाला भोक पाडून त्यात नळी बसवलेली, वर दोरीने बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी, आत पिवळसर पातळ औषध. खोड जाड सुंभाने कमरेपासून खांद्यापर्यंत गच्च गुंडाळलेलं. चारी बाजूंनी बल्ल्यांचे टेकू, टेकू खोडाला टेकतो तिथे साल सोलू नये म्हणून चिंध्या. आणि वर डोकंच नाही. मुख्य फांद्या तोडून टाकलेल्या, कापावर लाल रंग, त्यातून वीतभर लांबीची पालवी. गिंको हे चेंगदूचं अधिकृत शहरवृक्ष, आणि त्याची ही अवस्था.

आमच्या धंद्यात हे नवीन नाही. मोठं झाड हलवताना मुळांचा गोळा लहानच येतो, तेवढ्या मुळांना वरचा सगळा पर्णभार पोसवत नाही, म्हणून माथा छाटतात. आम्हीही गोणपाटात बांधून मोठी झाडं पाठवतो. पण आम्ही पन्नास पाठवतो, यांनी किलोमीटरच्या किलोमीटर लावलीत. अशा झाडाला पुन्हा छत्रीसारखा घेर यायला पाच-सहा पावसाळे तरी जातात. उपग्रहाच्या चित्रात सगळं हिरवं दिसतं, खाली उभं राहिलं की ऊन टाळूवर. भाऊजींनी मोजलं : ओळीतल्या चाळीस झाडांपैकी सहा मेलेली, नऊ जेमतेम जगलेली. हा एका ओळीचा हिशोब आहे, सगळ्या शहराचा नाही. पण पाच फुटांची रोपं लावून धीर धरला असता तर तीच ओळ आज जास्त भरलेली दिसली असती, या मतावर मी ठाम आहे.

अजून एका बाबतीत जुनी माहिती घात करते. फोटोंत दिसणारे फुलांचे गालिचे शोधत गेलात तर बऱ्याच ठिकाणी भात दिसेल. धान्यासाठी जमीन राखायची म्हणून या पट्ट्यात एक लाख मू, म्हणजे साधारण साडेसोळा हजार एकर शेती उभी करायचं ठरलं, आणि २०२२ पासून हिरवळी, फुलांचे वाफे काढून भात, गहू आणि तेलबियांचं पीक आलं. आम्ही गेलो तेव्हा भात पिवळा पडला होता आणि पलीकडे काचेच्या इमारती. थकलेली असूनही मी तिथे दहा मिनिटं उभी राहिले. वर्षाचे बारा महिने पाणी आणि मजूर खाणाऱ्या विलायती गवतापेक्षा हे मला कितीतरी पटींनी बरं वाटलं. पिवळी शेतं बघायची तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात जा, तेव्हा मोहरीसारखं पीक फुलावर असतं आणि ऊनही सोसतं.

भाड्याच्या सायकलींनी आम्हाला लुटलं, तेही नीट लिहिते. प्रवेशाजवळच्या दुकानदाराने गणकयंत्रावर ४० दाखवले, हाताने दिवसभराची खूण केली. तीन सायकलींचे १२० युआन समजून आम्ही निघालो. संध्याकाळी सहाला परत आलो तर म्हणाला, ४० हे पहिल्या चार तासांचे, पुढच्या प्रत्येक तासाला २०. अकरा तासांचे एकेकीचे १८०, तिन्हींचे ५४०, वर एका मडगार्डवर ओरखडा म्हणून ६०. सहाशे युआन म्हणजे सात हजार रुपयांच्या वर. ५०० युआन अनामत त्याच्याकडे अडकलेली, पायांत त्राण नाही, भाषा येत नाही. भाऊजी तावातावाने मराठीतच भांडले. शेवटी फोनमधल्या भाषांतराने भिंतीवरचा फलक वाचला, आणि चार तासांची अट बारीक अक्षरांत तिथेच लिहिलेली होती. ओरखड्याचे साठ तेवढे त्याने सोडले. तुम्ही फलकाचा फोटो आधी काढा, भाषांतर करून घ्या, सायकलीचा चारी बाजूंनी व्हिडिओ त्याच्यासमोर करा, मगच पैसे द्या. रस्त्यावरच्या ॲपच्या सायकली या कामाला घेऊ नका. त्यांची सीट माझ्या उंचीलाही कमी पडली, मग उंच माणसाचे गुडघे जातील.

आता आम्ही पुन्हा गेलो तर असं करू. दक्षिणेहूनच, पण उलट दिशेने, म्हणजे आधी पूर्वेकडे. उजाडताना साडेसहाला निघायचं. छिंगलोंगचं मोठं सरोवर आठपर्यंत, तिथे पाणी भरून घ्यायचं, माणशी तीन लिटर, कमी नाही. बेइहू साडेदहाला. मग दुपारची पश्चिमेची बाजू जुन्या झाडांची आहे, ती जमते. दम संपला तर बाहेर पडून मेट्रो गाठता येते, पण सायकल आत घेत नाहीत, म्हणजे भाड्याची सायकल परत करायची पंचाईत उरतेच. दिवस थोडा असेल तर पूर्ण फेरी सोडा आणि दक्षिणेचे वीस-पंचवीस किलोमीटर करा. पूर्ण केल्याशिवाय बघितलं असं होत नाही हा आमचा हट्ट होता, तो चुकीचा होता.

पैसे बहुतेक ठिकाणी फोनवरूनच देतात. घरून निघण्याआधी अलीपे हे पैसे देण्याचं चिनी ॲप उतरवून त्यात पासपोर्ट आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केलेलं कार्ड जोडा, भारतातच एकदा ओटीपी येतो का बघा. गूगलचे नकाशे तिथे उपयोगाचे नाहीत, तिथलाच नकाशा घ्या. ठिकाणांची नावं चिनी अक्षरांत लिहून ठेवा. शाकाहारी असाल तर दिवसभराचं खाणं पाठीवर न्या. आमचे गूळ-शेंगदाण्याचे लाडू नसते तर आम्ही बेइहूला बसूनच राहिलो असतो.

बाकीचे चार दिवस मजेत गेले. रोपवाटिकावाल्यांनी पीदू भागातलं नोंगके गाव चुकवू नये. १९८०च्या दशकात इथल्या रोपं विकणाऱ्या शेतकऱ्यांनी गिऱ्हाइकांना घरी जेवू घालायला सुरुवात केली आणि चीनमधल्या शेतघर-पर्यटनाचा जन्म इथला मानतात. भाऊजी तिथून वही भरून नोंदी घेऊन आले. वेनज्यांगला सिचुआनी पद्धतीचे बोन्साय आहेत. खोडाला ठरलेली वळणं देण्याचं तिथलं काम बघून हात जोडावेसे वाटतात.

शहरात एकच बाग बघणार असाल तर फू नदीकाठचं ‘जिवंत पाण्याचं उद्यान’ बघा. १९९८ मधलं, अमेरिकन कलावंत बेट्सी डेमन यांच्या कल्पनेतून झालेलं, आकार माशाचा. नदीचं पाणी वर उचलतात, दगडी कुंडांतून खळाळत खाली सोडतात, मग लव्हाळी आणि पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून गाळत परत नदीला देतात. एका टोकाला गढूळ पाणी, दुसऱ्या टोकाला त्यात पाय सोडून बसलेली पोरं. आणि इथे सावली आहे, कारण झाडांना वाढायला पंचवीस वर्षं मिळाली. मुळा-मुठेच्या काठावर काम करणाऱ्या प्रत्येकाने इथे एक सकाळ घालवावी असं मला कळकळीने वाटतं.

फुलांचं शेवटी. चेंगदूचं शहरफूल जास्वंदीच्या कुळातलं आहे, दहाव्या शतकात मंग छांग या राजाने ते तटबंदीवर सगळीकडे लावलं म्हणतात, आणि त्यावरूनच शहराला ‘रोंगछंग’ हे दुसरं नाव पडलं. आमच्या मुक्कामाच्या गल्लीत एक झाड होतं. सप्टेंबर म्हणजे बहराची जेमतेम सुरुवात, तीनच फुलं. सकाळी आठला पांढरी शुभ्र, दुपारी दोनला गुलाबी, संध्याकाळी जेवायला निघालो तेव्हा लालसर होऊन मिटत आलेली. पूर्ण बहर हवा असेल तर ऑक्टोबर धरा.

फांदी तोडून पिशवीत टाकायचा मोह होतो. टाकू नका. आयातीचा परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला नसेल तर रोप, कलम, बी काहीही भारतात आणता येत नाही, आणि रोगट कलमाने आपल्याच वाटिकेची माती होते. त्याची गरजही नाही. बंगालमध्ये हेच झाड स्थलपद्म म्हणून घरोघरी लावतात. भाऊजींनी कोलकात्याच्या एका वाटिकेतून बारा रोपं मागवलीत. दोन प्रवासात सुकली, दहांना नवीन फूट आली आहे.