दार लावून घ्या

मे महिन्यात नागपुरात कुणी भर दुपारी खोलीचं दार लावून घेतलं, की घरच्यांना वाटतं, एकतर भांडण झालं असावं किंवा ऊन लागलं असावं. कारण कूलर. खिडकीतून आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. ती मिळाली नाही की घटकाभरात चादर दमट, काडेपेटी सादळलेली आणि माणसं चिकचिकलेली. म्हणून पारा ४५ कडे सरकला की आमच्याकडे आतली सगळी दारं सताड उघडी. आणि माझ्या आखडलेल्या खांद्याच्या व्यायामाच्या कप्पीला नेमकं बंद दार लागतं.

कप्पी म्हणजे काही मोठं यंत्र नाही. एक पट्टा, त्याला लोंबणारं छोटं चाक, चाकावरून गेलेला दोर आणि दोराच्या दोन्ही टोकांना मुठी. पट्ट्याचं जाड टोक दाराच्या वरून पलीकडे टाकायचं, दार लावायचं आणि खाली खुर्चीत बसायचं. चांगल्या हातानं दोर खाली ओढला की आखडलेला हात वर जातो. त्यानं फक्त मूठ धरायची. इतक्या ऐषारामात माझा डावा हात जन्मात राहिला नव्हता.

‘‘दार कुठल्या बाजूला उघडतं?’’ फिजिओथेरपिस्ट मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं. मला वाटलं, हिलाही वास्तूचा नाद दिसतो. पण तिचा हिशेब सरळ होता. दार आपल्याकडे उघडत असेल तर दोराच्या ओढीनं तेही आपल्याकडेच येऊ पाहणार. म्हणून उलट बाजूला बसायचं, म्हणजे ओढ लागली की दार चौकटीत आणखी घट्ट बसतं. वर कडी लावायची. कारण पलीकडून कुणी दार उघडलं, तर चाक आपल्या डोक्यात.

कडी लावली की पाचव्या मिनिटाला बाहेरून आवाज येतो, ‘‘अगं, हवा कोंडून राहिली ना इकडे!’’ कोंडू दे. बाईमाणसानं दुपारी कडी लावून बसायला डॉक्टरी कारण सापडणं ही काही साधी गोष्ट नाही. खरं म्हणजे हा व्यायाम सकाळी, कूलर सुरू व्हायच्या आधीही उरकता येतो. ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

नागपूरच्या महाल भागात आजोळच्या वाड्यात चौकातच विहीर होती. तिची कप्पी लोखंडी, आणि पहाटे पहिली बादली निघाली की तिच्या कुईकुईनं अख्खा वाडा उठायचा. तेल घातलं की दोन दिवस गप्प, मग पुन्हा सुरू. आम्हा पोरींना पाणी ओढायची भारी हौस. दोर सुटू नये म्हणून मनगटाला वेढा घातला, की आजी ओसरीवरून ओरडायची, ‘‘दोर हाताले गुंडाळू नको वं, बादलीसंग तूही जाशील खाली!’’ स्वतः ती एकामागून एक हात टाकत अशी ओढायची की पाण्याचा थेंब हिंदकळत नसे. तिचा खांदा कधी दुखला असेल का, कोण जाणे. दुखला असला तरी विचारणारं कोण होतं? पुढे शाळेत कळलं की स्थिर कप्पी जोर मुळीच वाचवत नाही, नुसती दिशा बदलते. पंधरा किलोची बादली पंधरा किलोचीच राहते, फक्त वर उचलण्याऐवजी खाली ओढायची. दारावरही तोच कायदा. साठ किलोच्या माणसाचा एक हात तीनेक किलोचा असतो. तो उजव्यानं ओढायचा, शिवाय डाव्याचा हट्टही ओढायचा.

हट्ट म्हणजे फ्रोजन शोल्डर, खांद्याचा सांधा आखडून बसण्याचं दुखणं. हे नाव अर्नेस्ट कॉडमन या बोस्टनच्या सर्जननं १९३४ मध्ये दिलं, आणि हे दुखणं व्याख्येत बसवायला अवघड, बरं करायला अवघड आणि समजावून सांगायलाही अवघड, असंही त्यानंच लिहून ठेवलं. चाळिशी ते साठी, त्यातून बाई, त्यातून शुगर. मी तिन्ही रकाने भरून बसलेली. ब्लाउजचा हूक, मागची वेणी, कूलरच्या खसच्या ताट्या, सगळं एकेक करून दुसऱ्यांकडे गेलं.

या व्यायामात चोरी फार सोपी आहे. हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० पैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्याचे असतात, उरलेले ६० पाठीवरचं पसरट हाड सरकून देतं. सांधा आखडला की ते हाड जास्तीचं काम अंगावर घेतं. आपल्याला वाटतं हात वर गेला. प्रत्यक्षात खांदाच कानाला जाऊन भिडलेला. म्हणून मी कपाटाच्या आरशासमोर बसते. आधी गरम पाण्याची पिशवी, मग हळूहळू वर. ताण जाणवला पाहिजे, कळ आली की तिथंच थांबायचं. वर दोन-चार श्वास. आणि उतरताना हात धपकन सोडायचा नाही. आता जरा बरं आहे, तर वर जाताना उजव्याची मदत घेते आणि खाली डाव्याला त्याच्याच जोरावर उतरवते. ताकद त्या उतरण्यातच येते म्हणे. दोर मात्र अजूनही मनगटाला गुंडाळत नाही.

परवा शेजारच्या काकू आल्या. काकांना मार्चमध्ये लकवा झाला, डावा हात लुळा पडला आहे. ‘‘तुझा तो दोर दे ना आठ दिवस, ह्यांचाही हात हलवून पाहू.’’ मी देणारच होते. बरं झालं, आधी फिजिओथेरपिस्ट मुलीला फोन करून विचारलं. ती मुलगी एकदम म्हणाली, अजिबात नाही. माझा खांदा आखडलेला आहे, त्यांचा सैल पडलेला. हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे स्नायूच ढिले असताना हात वर खेचला, तर आतलं सगळं चेमटतं आणि नवीनच दुखणं मागे लागतं. त्यांच्या हाताला माणसाचे हात हवेत, शिकलेल्या माणसाचे.

काकूंना मी हे सगळं सांगितलं. तिचा नंबरही दिला. त्यांचा चेहरा उतरला, एक दोर द्यायलाही हिला जड झालं, असं काहीतरी मनात आलं असणार. चहा न घेताच गेल्या. उद्या संध्याकाळी मीच जाऊन त्या मुलीची वेळ ठरवून देते. तोवर रागावल्या तर रागावू देत.