रंगवण्याची नोंद: काळा टी-शर्ट, पिवळसर सदरा, निळी चादर

जुना कपडा रंगवायला घेतला की त्याच्या अंगावरचा रंग हाही आपल्या मिश्रणातलाच एक रंग धरायचा. सुतासाठीचे, धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जाणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग पारदर्शक असतात. ते खालचं झाकत नाहीत, त्यात मिसळतात. म्हणून या खेपेच्या तिन्ही कपड्यांची नोंद मूळ रंगापासून सुरू केली आहे.

तपासणी आणि पूर्वधुणं

शिवणीच्या आतला एखादा धागा उपसून जाळून पाहावा. सूत, लिनन, व्हिस्कोस कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो, आणि त्यावर हा रंग चढत नाही. कापड सुती असलं तरी शिवणीचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो, त्यामुळे टाके मूळ रंगाचेच राहणार हे आधीच गृहीत धरावं.

तेलाचे जुने थर आणि कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा लेप रंगाला अडवतात. 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरला 5 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा डिटर्जंट घालून कपडे अर्धा तास बुडवून ठेवावेत. नंतर खंगाळताना पाणी कपड्यात लगेच शिरलं पाहिजे. एखाद्या जागी थेंब तसाच टिकला तर तिथे अजून लेप आहे, पुन्हा धुवावं.

काळा टी-शर्ट: आधी उतरवणं, मग चढवणं

काळ्यावर कुठलाही रंग दिसत नाही, म्हणून ब्लीच लागतं. आतल्या दुमडीवर एक थेंब टाकून आधी चाचणी घ्यावी. काही काळे रंग नारिंगी-तांबूस होतात, काही हिरवट राखाडी, आणि काही ब्लीचला दादच देत नाहीत. लोकर, रेशीम आणि ताणदार धागा असलेल्या कापडाला ब्लीच लावू नये, धागाच खराब होतो.

नक्षी टाय-डायच्या (कपडा बांधून रंगवण्याच्या) चक्राची आहे. ओलसर टी-शर्ट सपाट पसरून मधोमध चिमूट धरून पीळ द्यायचा. चुण्यांची उंची 3 सेंटिमीटरच्या आसपास आणि सगळीकडे सारखी हवी. एखादी चूण वर उसळली तर तिच्या पोटातली घडी कोरडी राहते आणि चक्राचा तो पट्टा तुटतो. चकतीवर तीन रबर आडवे-उभे घातले की सहा फाका पडतात.

सुमारे 5 टक्क्यांच्या घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे चार भाग. हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून काम करावं. बहुतेक वेळा 5 ते 10 मिनिटं पुरतात. हवी त्याहून किंचित गडद छटा असतानाच कपडा बाहेर काढावा, कारण नुसत्या खंगाळण्याने ब्लीचचं काम थांबत नाही. ते थांबवण्यासाठी लिटरला 5 ग्रॅम सोडियम थायोसल्फेटच्या पाण्यात 15 मिनिटं बुडवावं, किंवा 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड दहापट पाण्यात मिसळून वापरावं. ब्लीच असताना व्हिनेगर अजिबात नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच थांबवण्याची पायरी गाळली तर घड्यांत उरलेलं ब्लीच नवा रंगही खातं आणि सूतही जीर्ण करतं.

रबर न सोडताच पुढे रंग दिला की तो नेमका उतरलेल्या जागीच दिसतो. खालची जमीन तांबूस, म्हणून त्यावर निळा टाकला तर तपकिरी होणार आणि फिरोजी टाकला तर मळकट शेवाळी. इथे किरमिजी आणि गडद पिवळा हेच बरे. एक विटेकडे झुकतो, दुसरा सोनेरी होतो.

सोडा आणि रंगपाणी

सुतावर हा रंग मीठ किंवा व्हिनेगरने पक्का होत नाही. सोड्याने पाणी अल्कधर्मी झालं की रंगाचा रेणू धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो. लिटरला 50 ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा घ्यावा, कपडा 20 मिनिटं बुडवून पिळावा, खंगाळू नये. सोडा खड्यांचा असेल तर त्यात पाणी असतं, म्हणून 50 ग्रॅमच्या जागी साधारण 135 ग्रॅम लागतो. खाण्याचा सोडा यासाठी कमजोर पडतो.

250 मिलिलिटर पाण्याला 5 ग्रॅम रंग. फिरोजी आणि काळ्याला दुप्पट. आधी थोड्या कोमट पाण्यात गुठळ्या मोडून लगदा करावा, मग उरलेलं पाणी घालावं. पूड उघडताना मास्क लावायचाच. ती श्वासात गेली तर कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. वापरलेली भांडी पुन्हा स्वयंपाकात नेऊ नयेत.

बाटलीचं तोंड चुणीच्या आत खुपसून रंग सोडावा, उलटवून दुसऱ्या बाजूनेही द्यावा. कपडा जाळीवर ठेवावा; खाली साचलेल्या रंगात तो बसला तर सगळ्या छटा मिळून चिखल होतो. मग प्लास्टिकमध्ये गुंडाळून 25 अंशांच्या वर 12 ते 24 तास. वाळला की रंग बसणं थांबतं.

पिवळसर सदरा

पांढरा सदरा पिवळा पडला असेल तर निळा हिरवटाकडे जातो, गुलाबी केशरटाकडे. फिकट निळ्याचा हट्ट न धरता पिवळा, नारिंगी, हिरवा निवडणं शहाणपणाचं. न निघणारा डाग गडद फाकेत येईल अशी घडी घालावी. तयार मिश्रणातला जांभळा मात्र इथे फसवतो: किरमिजी झटकन बसतो, फिरोजी हळू बसतो आणि पुढे सरकत राहतो, म्हणून मधे गुलाबी आणि कडेला निळी किनार उमटते. काहींना ती आवडते. नको असेल तर एकाच रेणूचा, म्हणजे मिश्रण नसलेला जांभळा घ्यावा.

फिकट निळी चादर

हिला नक्षी नाही, अख्खी बुडवून हिरवी करायची आहे, म्हणून पिवळा रंग. कोरडं वजन 1 किलो असेल तर पाणी 20 लिटर, रंग 20 ग्रॅम, मीठ 1 किलो, सोडा 200 ग्रॅम. मीठ तीन हप्त्यांत घालत 20 मिनिटं हलवावं, नंतर वेगळा विरघळवलेला सोडा कपडा बाजूला सारून ओतावा आणि आणखी तासभर हलवत राहावं. ढवळण्यात कुचराई झाली की ढगासारखे डाग पडतात. ते धुण्याने जात नाहीत.

धुणं

पहिलं पाणी गारच हवं. कपड्यात सोडा असताना गरम पाणी घातलं तर सुटलेला रंग पांढऱ्या भागांवर कायमचा बसतो. टाय-डायचा कपडा आधी बांधलेलाच गार पाण्यात धुवावा, मग सोडून पुन्हा गार पाण्यात. सोडा निघून गेला की 60 अंशांच्या वरच्या पाण्यात थोड्या डिटर्जंटसह अर्धा तास, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत तेच. या टप्प्यात निघतो तो पाण्याशीच जोडला गेलेला रंग. त्याची धाग्याला धरण्याची ताकद संपलेली असते.

शेवटी ओलसर कपड्यावर पांढरं फडकं ठेवून इस्त्री फिरवावी. फडक्यावर छटा आली तर आणखी एक गरम धुणं बाकी आहे.