शनिवारचं घुबड

आमच्याकडे स्टीलची भेटवस्तू म्हटलं की डोळ्यांसमोर डबा येतो. पाच किलो तांदूळ मावतील असा, झाकणावर टर्रर्र आवाज करणाऱ्या यंत्राने नाव घातलेला: ‘तमुक परिवाराकडून सप्रेम भेट’, खाली तारीख. नाव घालण्यात प्रेम असतंच, पण थोडा बंदोबस्तही असतो. नावाचा डबा पुढच्या लग्नात आहेर म्हणून सरकवता येत नाही.

मी आत्याला जी वस्तू दिली ती मात्र नाव न घालताही कुणाला सरकवता येण्यासारखी नव्हती. एक तर ती जवळजवळ दोन किलो लोखंडाची होती. दुसरं म्हणजे ते घुबड होतं. आणि तिसरं, नेमका शनिवार होता.

घुबडच का, तर नवशिक्याला तेवढंच जमतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या एका मित्राचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. दिवसभर ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे. संध्याकाळी कामं आवरली की तिथले मिस्त्री भंगाराच्या पिंपात हात घालतात आणि मोटारसायकलच्या चेनचा नाग, स्पार्क प्लगची मुंगी असलं काहीबाही बाहेर काढतात. मला घोडा करायचा होता. मिस्त्री म्हणाले, “घोड्याला पाय असत्यात, साहेब. घुबडाला दोन डोळं लावा, बाकीचं लोक बघून घेत्यात.”

पहिले दोन दिवस वेल्डिंगचा रॉड चिकटण्यात गेले. ६०१३ नंबरचा, अडीच एमएमचा रॉड, मशीनवर सत्तर-ऐंशी अँपिअर. रॉडचं टोक कामाच्या इतकं जवळ न्यायचं की ठिणगी चालू राहील आणि इतकं लांब ठेवायचं की ते चिकटणार नाही. हे अंतर रॉडच्या जाडीएवढं, म्हणजे अडीच मिलिमीटर, आणि रॉड सतत वितळून आखूड होत असतो. माझा हात घाबरून पुढे जायचा, रॉड चिकटून लालभडक व्हायचा. मग मनगटाला झटका देऊन तो सोडवायचा. काळ्या काचेआड बाकी काही दिसत नाही, फक्त वितळलेल्या लोखंडाचा मसुराएवढा थेंब. एकदा काच खाली घ्यायला विसरलो. तेव्हा काहीच झालं नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. अतिनील किरणांनी बुबुळावरचा पडदा भाजतो आणि तो असा काही तासांनी बोंबलतो. बायकोने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. सकाळी डॉक्टरांनी थेंब दिले आणि बटाटा भाजीला वापरा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी कळलं की या कामाचं शिवणाशी नातं आहे. आधी कच्चा टाका. मिस्त्री त्याला टॅक म्हणतात. ठिपक्याएवढं वेल्डिंग, हातोडीच्या एका ठोक्याने निघेल असं. तेवढं करून चार पावलं मागे जायचं आणि बघायचं. माझ्या घुबडाचा डावा डोळा तीन वेळा निघाला. डोळे म्हणजे बेअरिंगच्या कड्या, आत नट. छातीची पिसं वॉशरची, एकावर एक कौलांसारखी. वॉशर चकचकीत होते, म्हणजे त्यांवर जस्ताचा मुलामा. तो जाळला की पांढरा धूर निघतो आणि फुप्फुसात गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. म्हणून मुलामा उतरवायला ते आदल्या रात्री व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले. स्वयंपाकघरातून बाटली नाहीशी झाल्याची चौकशी अजून चालू आहे.

याच उद्योगाने मोठी माणसंही झपाटली होती. हुलियो गोन्झालेझ हा स्पॅनिश कारागीर १९१८ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला आणि दहा वर्षांनी पॅरिसमध्ये पिकासोची लोखंडी शिल्पं जोडून द्यायला लागला. पुढे १९४२ मध्ये पिकासोने सायकलची सीट आणि हँडल घेऊन बैलाचं डोकं केलं. त्याचा फोटो मी मिस्त्रींना दाखवला. बराच वेळ बघून ते म्हणाले, “एकच जोड हाय. मजुरी काय लावायची ह्याला?”

मला मात्र त्या बैलातलं एक फार आवडतं. सीट सीटच राहते. दगडातून मूर्ती काढली की दगड विसरायला होतं. भंगाराचं तसं नाही. आधी घुबड दिसतं, मग वॉशर दिसतात, मग पुन्हा घुबड. शिवाय वेल्डिंगच्या कडेला तापलेल्या लोखंडावर गवती पिवळा, जांभळा, निळा असे पट्टे उमटतात. पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखाच हा पातळ थराचा खेळ. इथे थर गंजाच्या भावंडाचा, ऑक्साईडचा. मिस्त्री त्यावर रेड ऑक्साईड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा रंग, मारायला निघाले होते. मी हात धरला आणि पारदर्शक लॅकर मारलं. पावसाळ्यात पस्तावाल, असं ते म्हणाले.

आत्याने दारातच अडवलं. “शनिवारी लोखंड आणतात का रे घरात? आणि हे काय, घुबड?”

“लक्ष्मीचं वाहन आहे, आत्या.”

“ते बंगाल्यांकडे.”

शेवटी तडजोड झाली. घुबड रात्रभर चपलांच्या स्टँडवर बसलं आणि रविवारी सकाळी आत आलं. आत्याने चष्मा लावून ते उलटंपालटं केलं, वॉशर मोजले, चोचीवरून बोट फिरवलं. पायांपाशी आली आणि थांबली. पाय म्हणजे भंगारवाल्याकडे मिळालेल्या जुन्या लोखंडी सांडशीचे दोन दांडे होते.

“सांडशी ना ही?”

मी खूश होऊन मान हलवली.

“नुसती खीळ सैल झाली असेल,” ती म्हणाली. “बदलली असती तर अजून दहा वर्षं चालली असती.”